सव्वा महिन्यानंतरची वीस मिनिटं

ताई, मी अमळनेरला राहते. वय २९, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बाळ पाच महिन्यांचं आहे, सिझर झालं, अंगावरच पितं. पहिलं बाळंतपण म्हणून दोन महिने माहेरी, पारोळ्याला होते. तिथून आल्यापासून दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो, कळत नाही. वजन वाढलंय ते हलायला तयार नाही. मोबाईलवर बघून चाळीस मिनिटांचा व्यायाम सुरू केला, चार दिवसांत बंद पडला. निम्म्यात बाळ उठतं. उड्या मारताना, शिंकताना थोडी लघवी होते. कंबर तर सारखी दुखते, सगळे म्हणतात सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं त्यामुळे. सासूबाई जीव लावतात, पण त्यांचं म्हणणं, "उड्या नको मारू माय, तुन्हं आंग आजून कच्चं शे." व्यायामानं दूध तापतं आणि बाळाला बाधतं, असंही त्या म्हणतात. त्यांच्या वेळी बाया दीड महिन्यात निंदणीला जायच्या, वेगळा व्यायाम कुणी केला नाही. यांचं कृषी केंद्र आहे. मदत करतात, पण सांगितलं तर. कधी कधी उगाच रडू येतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मग तर विचारूच नका. व्यायामाला वेळ काढू तरी कुठून?

एक आई, अमळनेर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू घाईघाईनं लिहून टाकलंस आणि लगेच कंबरेकडे वळलीस. शिंकताना लघवी होते, ते वाक्य. वेळेबद्दल बोलूच, पण आधी हे. कुठला व्यायाम करायचा ते यावरून ठरतं, आणि ते ठरलं की तुला वाटतो तेवढा वेळ लागतही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर दुखते म्हणून येणाऱ्या आयांना मी हा प्रश्न स्वतःहून विचारते, कारण त्या आपण होऊन सांगत नाहीत. विचारल्यावर आधी खाली बघतात, मग हळूच हो म्हणतात. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग त्याच्या आधारावर असतो. नऊ महिने बाळाचा भार यानंच पेलला, त्यामुळे सिझर झालं तरी तो ढिला पडू शकतो. शिंकलं, खोकलं, उडी मारली की पोटातला दाब एकदम खाली येतो आणि ढिला पडलेला स्नायू लघवीची वाट वेळेवर आवळू शकत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पण "बाळंतपणानंतर असं होतंच" म्हणून जन्मभर सोसायचंही नाही. बहुतेकींचं हे नीट व्यायामानं सुधारतं.

तेव्हा तो उड्यांचा व्हिडिओ तूर्त बंद. धावणं, दोरीवरच्या उड्या बाळंतपणानंतर किमान बारा आठवडे टाळायच्या असतात, आणि बारा आठवडे उलटून गेले तरी गळती असेल तर त्या अजून लांबवायच्या. सासूबाई अंग कच्चं आहे म्हणतात, ते या बाबतीत खरं आहे. सिझरमध्ये वरची कातडी लवकर जुळते, आतले थर भरून यायला महिने लागतात.

आता करायचं काय ते नीट वाच. लघवीला जाऊन ये. उताणी झोप, गुडघे वाकव, पावलं जमिनीवर. लघवी आणि वारा दोन्ही एकाच वेळी अडवायचे आहेत असं समजून आतले स्नायू आवळ आणि वर ओढ. मांड्या, कुल्ले, पोट सैल राहिलं पाहिजे आणि श्वास चालू. पाच आकडे मोजेपर्यंत धर, मग पूर्ण सोड. सोडण्यात घाई करू नकोस, ते आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की हळूहळू दहापर्यंत मोज. शेवटी काही वेळा पटापट आवळायचं आणि सोडायचं. शिंक येतेय असं कळलं की आधी आवळ, मग शिंक. फक्त एक कर, लघवी करताना मधेच धार अडवून सराव करू नकोस, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. आर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली या व्यायामावर लिहिलं, म्हणून दवाखान्यात त्याला केगल म्हणतात. फरक कळायला तीनेक महिने लागतात. पुष्कळ जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात आणि मग म्हणतात, उपयोग झाला नाही.

याला एका खेपेला तीन-चार मिनिटं पुरतात. एकदा जमलं की बाळाला पाजताना बसल्या बसल्याही होतं. म्हणजे तुझा पहिला व्यायाम वेळ न काढताच सुरू झाला.

पोटाचंही आधी तपासून घे. तसंच उताणं झोपून बेंबीच्या जरा वर दोन बोटांची टोकं आडवी टेकव आणि डोकं थोडंसं उचल. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना येऊन भिडतात ते कळेल. मधली फट दोन बोटांहून रुंद लागली, किंवा डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा आला, तर गरोदरपणात फाकलेले स्नायू अजून पुरते जवळ आलेले नाहीत. अशा वेळी डोकं-खांदे उचलायचे किंवा दोन्ही पाय एकदम वर न्यायचे प्रकार करायचे नाहीत. त्याऐवजी श्वास सोडताना बेंबी हलकेच पाठीकडे ओढ आणि एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब कर. परत आण. मग दुसरा पाय. हे सोपं वाटायला लागलं की त्याच स्थितीत कंबर हळूच उचलून खाली आणायची. पोट बांधायच्या पट्ट्यानं सुरुवातीच्या दिवसांत आधार मिळतो, पण स्नायू जवळ आणायचं काम तो करत नाही. आता तो आवळून बांधत असशील तर सोडून दे.

चालणं हा तुझा दुसरा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत बाळंत झालेल्या बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि तो तुकड्या-तुकड्यांनी झाला तरी धरला जातो. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत. पहिल्याच आठवड्यात १५० गाठायचे नाहीत. दहा मिनिटांपासून सुरू कर.

आणि या दहाचे वीस व्हायला तुला घरातला दुसरा माणूस लागणार आहे.

सव्वा महिना आठव. पारोळ्याला मालीशवाली यायची, तेल कोमट व्हायचं, बंब पेटायचा, शेगडी मांडली जायची. तेवढ्या वेळात बाळ आईकडे नाही तर वहिनीकडे. "आज जमणार नाही, स्वयंपाक राहिलाय" असं तुला कुणी म्हटलं नसेल. घराच्या वेळापत्रकात तुझ्या अंगाचा एक तास ठरलेला होता आणि सगळं घर तो पाळत होतं. सव्वा महिना झाला आणि तो तास गेला. बाळाची मालीश, आंघोळ, धुरी अजून रोज होते, आणि ते योग्यच आहे. तुझं मात्र संपलं, जणू अंग पूर्ववत झालं. मला याचा खरंच राग येतो. आपल्याकडे बाळंतिणीची इतकी निगा राखायची रीत आहे, आणि ती नेमकी तेव्हा थांबते जेव्हा ती बाई एकटीनं बाळ, घर आणि पुढे नोकरी असं सगळं उचलायला लागते.

म्हणून "वेळ कुठून काढू" हा प्रश्न एकटीनं सोडवायला बसू नकोस. पाच महिन्यांच्या बाळाच्या आईकडे शिल्लक वेळ नसतो. कुणीतरी बाळ घेतलं तरच तो तयार होतो. तेव्हा घराकडे वीस मिनिटं माग, आणि घड्याळातली वेळ सांगून, माणूस ठरवून माग.

मिस्टरांपासून सुरुवात कर. "सांगितलं तर करतात" यात रोज सांगायचं काम तुझ्याकडेच राहतं आणि एक दिवस तू कंटाळून सांगणं सोडतेस. म्हणून एकदाच सांग. "अहो, उद्यापासून सकाळी सहा ते साडेसहा बाळ तुमच्याकडे." दुकान उघडायला त्या वेळी अवकाश असतो. आत्ता चैत्र-वैशाखात त्यांच्याकडे गिऱ्हाईकही कमी. मृगाच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्याला आणि खताला झुंबड उडेल, तेव्हा नवीन काही सुरू होणार नाही. आधीपासून अंगवळणी पडलेलं मात्र टिकेल.

बाळाला पाजून, खांद्यावर घेऊन ढेकर काढून त्यांच्याकडे दे. पोट भरलेलं असलं की अर्धा तास निघतो आणि तुझी छातीही हलकी होते, चालताना दुखत नाही. आधार देणारी सुती ब्रा घाल. दुपटं, लंगोट, खुळखुळा कुठे ठेवलाय ते दाखवून ठेव. आणि मग घराबाहेर पड. घरातच व्यायाम करायला बसलीस तर पहिल्या रडण्याला तू उठशील. बाळ रडेल. ते उचलतील, ओट्यावर फिरवतील, चुकीच्या पद्धतीनं लंगोट बांधतील. परत आल्यावर तो लंगोट सोडून पुन्हा बांधू नकोस. तुझ्यासारखं जमत नाही असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं की ते बाळ तुझ्याकडेच परत देत राहतील.

आता सासूबाई. त्यांना वाद घालून जिंकायचं नाही. त्या म्हणतात तसं झालंच आहे, दीड महिन्यात बाया निंदणीला गेल्या, डोक्यावरून पाणी आणलं, कपाशीचे गाठोडे उचलले. पण त्याचं पुढे काय झालं, हे त्या पिढीनं कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे साठीच्या बाया सुनेबरोबर येतात, गुडघे दाखवायला. गुडघ्यांचं बोलून झालं की सुनेला बाहेर पाठवतात आणि मग सांगतात, की अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, वर्षानुवर्षं. काही जणी लग्नकार्याला जात नाहीत, एसटीचा लांबचा प्रवास करत नाहीत, कारण लघवी धरवत नाही. वारंवार बाळंतपणं आणि ओल्या अंगानं उचललेली ओझी ही त्यामागची मोठी कारणं आहेत. त्या बाया कणखर होत्या म्हणून त्यांना व्यायाम लागला नाही असं नव्हतं. त्यांना विश्रांती मिळाली नाही, व्यायामही मिळाला नाही, आणि तक्रार करायची सोयही नव्हती.

एखाद्या दुपारी बाळ झोपलेलं असताना सासूबाईंजवळ बस. आपल्याला शिंकताना काय होतं ते आधी तू सांग, मग विचार, "आई, तुम्हाला कधी असा त्रास झाला का?" कदाचित नाही म्हणतील. कदाचित पुष्कळ बोलतील. आवळायचा हा व्यायाम त्यांच्या वयातही गळतीवर गुण देतो, तेव्हा त्यांनाही शिकव. सुनेच्या उड्यांना विरोध करणारी बाई स्वतः दिवसातून तीनदा हा व्यायाम करायला लागली, की तुझ्या वीस मिनिटांच्या वेळी बाळ तीच घेईल. पण त्यांना अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ने.

दूध तापत नाही. मध्यम व्यायामानं दूध कमी होत नाही आणि बाळाला बाधेल असा काही बदलही त्यात होत नाही. सासूबाईंचं समाधान होत नसेल तर चालून आल्यावर आधी घाम पूस, पाणी पी, पाच मिनिटं बस आणि मग पाज. त्यांचाही मान राहील, तुझंही काही बिघडणार नाही.

उपासमार केलीस तर मात्र दूध कमी होऊ शकतं. वजनाची घाई करून भाकरी अर्धी करू नकोस. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीत अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत, पुढचे सहा महिने ५२०. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा दादर ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, दही, अंडं चालत असेल तर अंडं, हे पोटभर खा. डिंकाचा लाडू दिवसात एखादा पुरे. तूप-गुळाचे तीन-तीन लाडू आता नकोत. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या चालू आहेत ना बघ. थकवा येतो तो पुष्कळदा रक्त कमी असल्यामुळे, आणि तो व्यायामानं जाणार नाही. एकदा हिमोग्लोबिन तपास.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तू खान्देशातली आहेस. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकतो तेव्हा अमळनेर काही थंड नसतं. चालणं सकाळी सातच्या आत संपव. रात्रीचं गच्चीवर फिरणं ऐकायला बरं वाटतं, पण स्लॅब नऊपर्यंत आग ओकत असतो. बोरीच्या पुलाकडे किंवा मंगळग्रह मंदिराच्या रस्त्याला, जिकडे तुला सकाळी बायकांची सोबत मिळेल तिकडे जा. घरून निघताना एक पेला पाणी आणि आल्यावर एक. बाळाला बरोबर नेऊ नकोस. उन्हासाठीही नाही आणि तुझ्यासाठीही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जाशील. तिथे हात जास्त आहेत, झोक्यावर बसायच्या आधी आईला सांगून रोजची वीस मिनिटं घे. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला घरात पाहुण्यांची गर्दी होईल, त्या दिवसांत चालणं बुडेल. बुडू दे. पाजतानाचा व्यायाम तेवढा चालू ठेव आणि पाहुणे गेले की परत सहाला बाहेर पड.

कंबरेबद्दल. पाठीतल्या इंजेक्शनची जागा काही दिवस दुखू शकते. महिनोन् महिने कंबर दुखण्याशी त्याचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. मला संशय वेगळा आहे. तू मांडी घालून, पाठीला काही न टेकता, बाळाकडे वाकून पाजत असणार. दिवसातून आठ-दहा वेळा पाजायचं, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं वाकून. पाठीला भिंत घे, मांडीवर उशी ठेव आणि बाळाला छातीपर्यंत वर आण, छाती बाळाकडे नेऊ नकोस. खालून बाळ उचलताना कंबरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यांत वाक, बाळ अंगाशी धर, श्वास सोड आणि मग उठ. पोटाचे आणि तळाचे स्नायू सुधारले की कंबरही पुष्कळ हलकी होईल.

बाळ रात्री तीन-चारदा उठलं असेल तर त्या सकाळी चालायला जाऊ नकोस, झोप. आंघोळीनंतर बाळ गाढ झोपतं तेव्हा भांडी घासायला उठू नकोस. आठवड्यातले दोन दिवस तरी तो वेळ तुझ्या झोपेचा ठेव.

आणि उगाच रडू येतं, असं तू एका ओळीत लिहिलंस. ते दोन आठवड्यांहून जास्त चाललं, बाळाजवळ जावंसं वाटेना, झोप मिळूनही झोप येईना, किंवा आपण नसलेलं बरं असं मनात आलं, तर व्यायामानं जाईल म्हणून वाट बघू नकोस. डॉक्टरांना सांग. मनाच्या आजारांसाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, तिचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. घरातल्या एका माणसाला तरी आजच सांगून ठेव.

व्यायाम करताना टाक्याच्या जागी दुखलं, पुन्हा रक्तस्राव झाला, चक्कर आली किंवा डोकं फार ठणकलं तर थांब आणि दाखव. एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात जा. पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. सिझरनंतरची तपासणी राहिली असेल तर हे सगळं सुरू करायच्या आधी ती करून घे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की सकाळचे सहा ते साडेसहा तेवढेच ठेव, त्यात भर घालू नकोस. पहिल्या पंधरवड्यात डबा, एसटी, बाळाला वरचं खाणं सुरू करणं, हेच पुष्कळ होईल. जुलैच्या शेवटी तीन महिने होतील. तोवर गळती कमी झाली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव आणि हे स्नायू तपासून व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांग. आपल्याकडे धुळे आणि जळगाव, दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, धुळं तुला जास्त जवळ पडेल. जाताना सासूबाईंनाही बरोबर ने, त्या तयार असल्या तर.